तिसऱ्या अंकाबद्दल रामनाथमामांकडे तक्रार

राजुरी, ता. जुन्नर
९ फेब्रुवारी २०००

तीर्थस्वरूप रामनाथमामांस,

बहिरूचा पाया पडून नमस्कार. तुमचा गुडघा, लंकामामीचा दमा आणि तुमची ती मारकी गाय, तिघांच्याही तब्येती बऱ्या असतील असं धरून चालतो. पत्राला दोन आठवडे उशीर झाला हे कबूल. आंतरदेशीय पत्र सत्तावीस जानेवारीलाच आणलं होतं, पण ते खिशात असतानाच नारायणगावला टोमॅटोच्या गाडीवर एक माणूस कमी पडत होता म्हणून चढलो, गाडी थेट वाशीला गेली, येताना ओतूरला कुस्त्या आहेत असं कळलं म्हणून उतरलो (नव्हत्या, पण उतरल्यावर लगेच परत चढणं बरं दिसत नाही), आणि या सगळ्यात त्या पत्रावर कुणाकुणाचे फोन नंबर उतरवले गेले. म्हणून हा वहीचा कागद. पण खरं कारण हे नाही. खरं कारण म्हणजे मला तुमचा राग आला आहे. रागाच्या भरात लिहू नये, असं आमचे गुरुजी सांगायचे. राग उतरल्यावर काय लिहायचं ते बहुतेक दहावीत शिकवत असतील, आणि माझी शाळा नववीत सुटली.

विषय तुमच्या नाटकाचा. तुम्ही एकाहत्तरच्या लढाईत होता, हवालदार म्हणून रिटायर झालात, म्हणून आमच्या तरुण मंडळानं तुमच्याकडून लढाईचं नाटक लिहून घेतलं आणि सव्वीस जानेवारीला इथं केलं. तुम्ही आला नाहीत. मामीनं गुडघ्याचं कारण कळवलं. ठीक आहे. पण आला असतात तर पहिला अंक बघून तुमचा गुडघा आपोआप सरळ झाला असता. शाळेसमोर झेंडावंदन उरकलेलं, सकाळचं कोवळं ऊन, बर्फासाठी आत्याची गादी फोडून पसरलेला कापूस (आत्या माझ्याशी बोलत नाही, पण आधीही फारसं बोलणं नव्हतं). सयाजी झाला होता चौकीवरचा हवालदार. एरवी तो डेअरीवर दूध मोजून घेतो, पण त्या कपड्यात त्याला त्याच्या म्हशीनंही ओळखलं नसतं. आणि बॉम्बचं खातं माझ्याकडे. सुतळी बॉम्बचा अख्खा बॉक्स पाण्याच्या रिकाम्या बॅरलमध्ये वाजवला, दहाच्या दहा. पहिल्याला शाळेच्या कौलांवरची कबुतरं उडाली, चौथ्याला सरपंचांच्या हातातला सत्काराचा नारळ पडला, सातव्याला सगळी शाळा उठून भारत माता की जय ओरडायला लागली. आमचा अध्यक्ष रखमाजी, त्याला राहवेना, त्यानं भर लढाईत स्टेजवर चढून सयाजीला फेटा बांधला. सयाजी त्या वेळी गोळी लागून पडलेला होता. पडल्या पडल्या त्यानं डोकं पुढं केलं. इतकं जोरदार चाललं होतं.

(बॉम्बवरून आठवलं. आमच्या इंद्राताईच्या लग्नात बँडवाल्यानं मांडवाशेजारी असाच बॉम्ब लावला होता, तेव्हा तुम्ही पंगतीत बसल्या जागी पत्रावळीवर पालथे झाला होता. लोक बघायला लागल्यावर म्हणालात, मिठाची वाटी सांडली ती उचलतोय. मामी पण वाढायचं सोडून तुमच्याशेजारी जमिनीवर बसली आणि मीठ शोधायला लागली. किती वेळ शोधत होता तुम्ही दोघं. अजून घरात त्यावरून हसतात. असो.)

आणि एवढ्या सुरुवातीवर तुम्ही काय आणून ठेवलंत, तर तिसरा अंक. मामा, लढाई संपल्यावर माणूस ओट्यावर बसतो हे दाखवायला अंक कशाला लागतो? ते आम्ही रोज फुकट बघतो. मी स्वतः करून दाखवतो. सयाजी रजेवर घरी येतो. ओट्यावर बसतो. आई तांदूळ निवडते. म्हणते, जेवतो का. तो म्हणतो, बसतो जरा. झालं, बसला. आता काहीतरी होईल, मग होईल, तर काही नाही. म्हातारी तांदूळ निवडतेय. अंगणवाडीतल्या बायडाबाई आई झाल्या होत्या, त्यांनी तेच ताट तीनदा निवडलं, शेवटी शेवटी तर त्या चांगलेच तांदूळ काढून टाकत होत्या. सयाजी एकटक माझ्याकडं बघतोय. पोरं उठून भेळेच्या गाडीकडं गेली, त्यांच्यामागं त्यांच्या आया गेल्या. आणि एवढ्यात काही कारण नसताना बायडाबाई ताट बाजूला ठेवून स्टेजवर जमिनीला आडव्या झाल्या. राहिलेलं गाव खो खो हसलं. रखमाजीनं पडदा पाडला. ज्या सयाजीला तासाभरापूर्वी फेटा बांधला होता, त्याला पडद्यामागं कुणी पाणी विचारलं नाही. पंगतीला आधी मटण वाढायचं आणि शेवटी नुसतं गरम पाणी, याला काय म्हणायचं?

आता हेच नाटक येत्या रविवारी पिंपळवंडीला आहे. मंडळाच्या बैठकीत रखमाजी म्हणाला, तिसरा अंक काढून टाकू आणि पहिलाच दोनदा करू. सगळ्यांनी माना डोलावल्या, मी सगळ्यात जोरात. पण लिहिणाऱ्याला न विचारता कापाकापी नको, असं कुणीतरी काढलं, आणि पत्राचं काम माझ्यावर आलं. तेव्हा तिसरा अंक काढायला हरकत नाही, एवढं एका ओळीत लिहून पाठवा. मामीला नमस्कार. गायीला लांबूनच.

आपला आज्ञाधारक (ज्या आज्ञा वेळेवर वाचल्या जातील तेवढ्यांपुरता) भाचा,
बहिरू

ता. क. तुमची नाटकाची वही रखमाजीला परत द्यायची म्हणून आत्ता उघडली. समासात तुमच्या अक्षरात लिहिलंय, पहिल्या अंकात नुसता पत्र्याचा डबा बडवावा. बॉम्ब एकच, तिसऱ्या अंकात. बाहेर दिवाळी चालू आहे, बॉम्ब वाजतो, घरी आलेला शिपाई ओट्यावरून खाली जमिनीला चिकटतो, आई काही विचारत नाही, त्याच्याशेजारी आडवी होते. पडदा. मामा, मी समास वाचत नाही. तो मोकळा सोडायचा असतो एवढंच मला शाळेतलं आठवतंय. तर त्या दिवशी सयाजी एकटक माझ्याकडं बघत होता तो बॉम्बसाठी, आणि माझ्याकडं बॉक्सचा पुठ्ठा तेवढा उरला होता. बायडाबाईंना जाऊन विचारलं, बॉम्ब नव्हता तर तुम्ही का आडव्या झालात. म्हणाल्या, "माझं काम व्हतं ते. पोरगं पडू दे न्हाईतर बसू दे, आईनं खाली जायचं."

आणखी ता. क. वर लिहिलेली एका ओळीची परवानगी कृपा करून पाठवू नका. काही झालं तरी पाठवू नका. नाही म्हणून लिहा, मोठ्या अक्षरात, रखमाजीला चष्मा लागलाय. आणि एक राहिलं. इंद्राताईच्या लग्नात त्या पंगतीला मीठ मीच वाढत होतो. वाटी माझ्या हातातच होती, मामा. सांडली नव्हती. मी एवढी वर्षं सगळ्यांबरोबर हसत आलो.

शेवटचं ता. क. आता हे पाकिटात घालणार, तर अंगणात चपला वाजल्या, बघतो तर लंकामामी, धापा टाकत, एकटीच. एसटीनं आली. रखमाजीनं तुमच्या गावच्या एसटीडी बूथवर फोन करून अंक काढतोय म्हणून तुम्हाला परस्पर सांगितलं म्हणे. पाणी पण न घेता म्हणाली, "ते फाट्यावर बसल्यात. नाटकाच्या तालमीला येत्यात म्हणं, पण बॉम्ब कवा वाजणार ते आधी इचारून ये म्हणाले." मामा, बॉम्ब घरात एकही नाही. रविवारी असेल, एकच, आणि तो तुम्ही मान हलवल्याशिवाय मी पेटवणार नाही. मामी तुमच्याशेजारी बसेल. तिला दम लागलाय म्हणून हे पत्र मीच पळत घेऊन येतो आणि तुमच्या हातात देऊन जरा लांब उभा राहतो. सुरुवात वाचून उठू नका, मामा. शेवट जरा संथ आहे.