बाबांचा हायड्रोजन

बाबा, तुमच्या हायड्रोजनचं उत्तर शून्य आलं. आधी तेच सांगून टाकते, नाहीतर इकडच्या तिकडच्या गोष्टी करत बसेन.

घमापुरच्या आपल्या घरी, त्या स्वयंपाकघरात, तुम्ही कॉलेजात शिकवून येता, चहा बाजूला सारता आणि आई मेथी निवडत असते तिथंच कागद पसरता. आई करवादते, "इथं भाजी ठेवू का तुमचा अणू?" तुम्ही नुसते हसता. मला एकदा समजावलं होतंत, बड्या फुहाऱ्याच्या चौकापासून आधी पूर्वेला मग उत्तरेला गेलं काय किंवा उलट गेलं काय, पोचतो त्याच दुकानापाशी. पण जागा फार फार बारीक पाहिली, तर क्रम बदलल्यावर कदाचित फरक पडत असेल. तसं असलं तर कुठलीही जागा नेमकी बोटानं दाखवता यायची नाही, आणि हायड्रोजनच्या अणूत इलेक्ट्रॉनच्या ऊर्जेच्या ज्या पायऱ्या असतात त्या कणभर सरकतील. किती, तेवढंच तुम्हाला काढायचं होतं. त्याच संध्याकाळी तुम्ही मला ग्रेटिंगचा, म्हणजे उजेडातले रंग वेगळे करणाऱ्या पट्टीचा, एक तुकडा दिलात. त्यातून मिठाईवाल्याची ट्यूबलाइट पाहिली तर तिच्या रंगीत रेघा झाल्या. "देख बेटा," तुम्ही म्हणालात, "पायऱ्या सरकल्या की ह्या रेघाही सरकतील. कोणीतरी मोजेलच." तुम्ही मला जगातले सगळ्यात हुशार माणूस वाटायचात. अजूनही वाटता, हीच तर पंचाईत आहे.

एमएस्सीला असताना मी विचारलं, जागाच अशी असेल तर मधल्या प्रोटॉनलाही ते लागू होईल ना? केवढे भडकलात! "काहून मधेमधे करून राहिली? तो जड आहे, बसू दे त्याला जागेवर. आधी इलेक्ट्रॉनचं तर होऊ दे!" मी तो प्रश्न तिथंच सोडून दिला. पुढं तुमचा आकडा निघाला, छापून आला, तुम्ही खव्याची जिलेबी आणलीत. त्याची दखल कोणी घेतली नाही. तुम्ही मोजणाऱ्याची वाट पाहत राहिलात आणि तशातच गेलात.

प्रोटॉनला मी ह्या वर्षी जागेवरून उठवलं, गणितात घेतलं. त्याचा विद्युतभार उलटा, म्हणून त्याचा वाटाही उलटा. दोन्ही एकत्र घेतले की सरकणं उरतच नाही. दुसऱ्यांनी हे केव्हाच दाखवलं होतं, मला पटत नव्हतं. प्रोटॉन स्वतःच आणखी लहान कणांचा बनलेला आहे म्हणून वाद अजून आहे खरा, पण तुमचा आकडा त्यातून वाचेल असं वाटत नाही.

आईला आता नीट ऐकू येत नाही, तरी विचारते, "त्यांचं मोजलं का गं कोणी? क्या हुआ उसका?" मी मोठ्यानं ओरडते, "मोजून राहिले, आई!" ती समाधानानं मटार सोलत बसते. मला तुमचा राग येतो. एवढ्या संध्याकाळच्या संध्याकाळी घालवल्यात, एकदा त्या प्रोटॉनकडे बघायला काय झालं होतं? आणि मग रडू येतं.

हे पत्र पोस्टात टाकायचं नाही म्हणून बरं. समोर असतात तर तोंड उघडलं नसतं. रोज शिकवून झालं की तिथंच बसून पहिल्या ओळीपासून ते गणित पुन्हा करते. मुलं विचारतात, मॅडम, रोज काय तपासता? उत्तर तपासते, असं सांगते. खोटं आहे ते, बाबा. माझी चूक सापडावी म्हणून बघते, आणि सापडत नाही.