रिकाम्या टेबलावरची चादर

५ जानेवारी

सोनपेठला पोचले. एसटीनं अंगाचा खुळखुळा केला, पण मी खुशीत आहे. माणिकराव डॉक्टरांनी दवाखान्याची मागची खोली फिजिओथेरपीला दिली आहे. तिथली मालकीण मी. पुण्यात तीन सिनियरांच्या हाताखाली राबण्यापेक्षा हे बरं. इथल्या लोकांना वाटतं, फिजिओथेरपी म्हणजे तेल लावून रगडणं. हळूहळू शहाणं करीन सगळ्यांना.

७ जानेवारी

केशरबाई इथल्या मावशी. त्यांना पेशंट झोपवायला शिकवलं. उताणं निजवलं की मानेखाली पातळ उशी, गुडघ्यांखाली लोड, टाचा अधांतरी; नाहीतर दाबानं कातडी सोलवटते. वरून चादर. उपचार करायचा तेवढाच भाग उघडा, आणि काम संपलं की तोही लगेच झाकायचा. मावशींनी मान डोलावली. डोक्यात किती शिरलं ते देव जाणे.

९ जानेवारी

इथल्या पेशंटांची एक भयंकर खोड आहे. टेबलावरून पाय खाली ठेवायच्या आत चादर ओढून झटकायची, उशा गोळा करून कोपऱ्यात टाकायच्या. मनकर्णा ऊसतोडीला गेली होती, ट्रकमध्ये ऊस चढवताना मोळीसकट फळीवरून पडून कंबर धरून बसली आहे. नीट उभं राहता येत नाही, पण चादर तेवढी झटकते. विचारलं तर म्हणाली, “माणूस उठलं की हातरूण बी उठवावं, मॅडम. रिकामं पांघरलेलं दिसलं की कुणी बी येऊन निजतंय.” मी सगळ्यांसमोर खदखदून हसले. मग ताकीद दिली: टेबल उशा लावून, चादर घालून कायम तयार राहील. चादरीला माझ्याशिवाय कुणीही हात लावायचा नाही.

१३ जानेवारी

दुपारी जेवून आले तर उशीत डोक्याएवढा खळगा, गादीवर टाचांचे दोन. केशरबाईंनी ताणून दिली असणार. चांगलं फैलावर घेतलं. “म्या त्या टेबलाला शिवत बी न्हाई,” म्हणाल्या आणि रडायला लागल्या. झोपल्याचं सोडा, पण टाचा सरळ गादीवर टेकवून? इतकं शिकवलं ते गेलं कुठं?

१६ जानेवारी

माझ्या दोन्ही टाचांवर लाल चट्टे. बोटानं दाबले तरी फिके होत नाहीत. असे चट्टे दिवसेंदिवस अंथरुणात पडलेल्यांना येतात. मी तर दिवसभर उभी असते. चपला बदलायला हव्यात.

दुपारी खोलीला कुलूप घालून गेले, किल्ली माझ्याच पर्समध्ये. परत आले तर पुन्हा तेच खळगे. चादर आतून कोमट. एकदम भीती वाटली. काढून घडी घालावी म्हणून टोक धरलं, तर बाहेर बाकावर मनकर्णा माझ्याकडेच बघत होती. तिच्यादेखत? जीव गेला तरी नाही. टोक सोडलं.

१९ जानेवारी

माकडहाडाशी आग होते. पाय बधिर होतात. केशरबाई कामावर यायच्या बंद झाल्या. मनकर्णा म्हणते, “काढा की ती चादर, मॅडम. काय जातंय तुमचं?” अडाण्यांनी मला शिकवायचं?

तिथं कुणीतरी चुकीचं निजतं आणि दाब माझ्या अंगावर उमटतो, एवढं उघड आहे. शेवटी खळग्यांचा अंदाज घेऊन पोटऱ्यांखाली लोड सरकवला, चादर नीट केली. मोठ्यानं बोलले, की निजायचंच असेल तर शिस्तीत नीज. भूत असलं तरी गावंढळच.

२० जानेवारी

चट्टे गेले! पायांत जीव आला. जिंकले मी.

२२ जानेवारी

आज खळगा नाही. पण उशा मी लावल्या होत्या तशा नाहीत — कुणीतरी नव्यानं लावल्यात. लोड माझ्या गुडघ्यांच्या मापाचा. मानेची उशी मला लागते तशी, दुहेरी घडीची. चादर अर्धी दुमडलेली. पेशंटची वाट पाहताना ठेवतात तशी.

मी घाबरत नाही. उद्या दुपारी स्वतःच निजून दाखवते. वही हातात ठेवीन.

२३ जानेवारी

निजले. काही नाही. आरामच —

चादर वर आली. मी ओढली नाही. कडा अंगाखाली खोचल्या जातायत, हलक्या हातानं, अगदी मी खोचते तशा —

पाय हलत नाहीत. टाचा अधांतरी. सगळं बरोबर. एकही चूक नाही —

तोंडावर चादर. ओरडतेय, आवाज निघत नाही. दार वाजलं. मनकर्णा! ओढ ती चादर, झटकून टाक, बाई —

ती बाहेर कुणाला तरी म्हणाली, “पेशंट हाय आत. चादरीला हात लावू नगा, मॅडम वरडतात.” दार लोटून घेतलं —

फक्त उजवा हात उघडा आहे. लिहितोय तो. म्हणजे उपचार ह्याच्यावर — बोटं एकेक करून चाचपतायत —

संपलं वाटतं. सोडला हात. आता लगेच झाकायचं, मीच शिकवलं — बोटांवर चाद