डोळे मिटून निवडलेलं पिस्तूल

चिखली
सोमवार, १० फेब्रुवारी २०२५

प्रिय भूषण,
सप्रेम जय भीम.

आईचा गुडघा बरा आहे. जिना उतरून ती आता स्वतः विहारात जाते. तुझी वहिनी मजेत. माझी चाकणची शिफ्ट या आठवड्यात सकाळची आहे, म्हणून संध्याकाळी लिहायला बसलो. फोनवर तू बोलतोस आणि मी ऐकतो, तसं यावेळी नको. काल तुझा वाढदिवस थाटात झाल्याचं कळलं. मी का आलो नाही ते पुढे येईलच.

आधी पिस्तुलाचं. 'पुतणीला, आमूला, नेमबाजीसाठी पिस्तूल मी घेऊन देणार', हे तू चार लोकांत बोलला होतास. दुकानात दोन निघाली. दोन्हींची बॉडी पोलादी, वजन जवळपास सारखं. एक काळं, लाकडी मुठीचं, दिसायला ओबडधोबड. दुसरं आरशासारखं चकचकीत. आमूने रेंजवर जयसिंग सरांनी शिकवलेल्या रीतीने दोन्ही पारखली. डोळे मिटून हात लांब उचलायचा, श्वास सोडायचा, मग डोळे उघडून बघायचं की नेम आपोआप कुठे लागलाय. काळं दर वेळी सरळ निघालं. चकचकीत दर वेळी खाली झुकलं. पोर ध्यानाला बसल्यासारखी उभी होती. तू म्हणालास, "डोळे मिटून काय निवडतेस, लग्न आहे का?" दुकानदार हसला. तिनेही हसून घेतलं आणि काळ्यावर हात ठेवला.

शुक्रवारी दुकानातून फोन आला. साहेबांनी चकचकीत पक्कं केलंय, लायसन्स मॅडमच्या नावावर आहे, सहीला पाठवा. मी तुला विचारलं, तर तू म्हणालास, "दादा, गोळी दोन्हींतून निघते. हे फोटोत उठून दिसतं."

कसला फोटो, ते मला काल कळलं.

काल रविवारची वंदना होती. आपण मूर्तीकडे तोंड करून बसतो, पाठ दाराकडे. दारासमोर चौकात तुझ्या कार्यकर्त्या पोरांनी रात्रीतून वाढदिवसाचा फ्लेक्स लावलेला. गॉगल घातलेला तू, शेजारी आमू, तिच्या हातात ते चकचकीत पिस्तूल, नळी थेट समोर, बोट चापावर. खाली 'नाद करायचा नाय'. प्राणिहिंसेपासून दूर राहण्याचं शील आम्ही एका सुरात म्हणत होतो, आणि माझ्या पोरीच्या हातातली नळी आमच्या सगळ्यांच्या पाठीवर रोखलेली होती. लहान पोरं बाहेर पडल्यावर फ्लेक्सवरच्या तिच्याकडे बोटं करून ठो ठो करत होती.

दुकानात मी काउंटरवर कागद देत होतो तेव्हा तू समोर उभा राहून तिचा तो फोटो काढलास, स्वतःचा नंतर शेजारी चिकटवलास. काल तिने मला सांगितलं, ती तुला म्हणाली होती, "काका, नळी माणसाकडे करत नाहीत." तू काय म्हणालास? "रिकामं आहे गं. आणि मी काय परका माणूस आहे?"

परका असतास तर तिने ऐकलं नसतं, भूषण.

आता जे लिहायचं इतका वेळ टाळलं ते लिहितो. तो फोटो सरांपर्यंत गेला. ते ओरडले नाहीत. नियम माहीत होता का, एवढंच विचारलं. ती हो म्हणाली. तुझं नाव तिने घेतलं नाही. राज्याची निवड चाचणी होईपर्यंत तिला फायरिंग लाइनवर उभं राहायला बंदी आहे. म्हणजे हे वर्ष गेलं. घरी येऊन म्हणाली, "पप्पा, सर बरोबर आहेत." आणि जेवली नाही.

कोणाला फोन करून मिटवायला जाऊ नकोस. तुझा एकही माणूस रेंजवर दिसला, तर मी मोठा भाऊ म्हणून बोलणार नाही.

चकचकीत पिस्तुलाच्या कागदावर तिने सही केलेली नाही, करणारही नाही. बंदी उठली की क्लबच्या जुन्या पिस्तुलावर सराव करेल. पुढे घेईल तर काळंच. कधी आणि कसं, ते आम्ही बघू.

फ्लेक्स मी कालच शिडी लावून उतरवला. तुझी पोरं धावत आली, "ओ काका, भाऊंचा फ्लेक्स आहे." म्हटलं, मी भाऊंचा थोरला भाऊ आहे. मग शिडी त्यांनीच धरली. आमूचा भाग कापून मी ठेवलाय. तुझा घडी करून सोबत पाठवतोय.

आईला भेटायला ये, ती वाट बघते. आमू बोलली तरच तिच्याशी बोल, आणि मोबाईल खिशात ठेव.

रोज वंदना संपताना सगळ्यांचं मंगल होवो म्हणतो आणि मनात पहिलं नाव तुझं घेतो. काल घेता आलं नाही. आज पुन्हा बसलो, आजही नाही.

अजून तरी तुझा दादा,
भीमराज