निळ्या बनियनची बाहुली

हरसूल,
ता. ३१ ऑगस्ट २००८, रविवार

चि. उज्वला,
आशीर्वाद. इकडे मी, तुझी आय, म्हैस, सगळी ठीक. भाताची आवणी उरकली. इगतपुरीला पाऊस लय असेल, रेल्वेच्या खोलीला गळती नसली म्हणजे मिळवली. कामाच्या घाईत दोन वर्षं तुला घरी यायला जमलं नाही, ते मी समजतो.

पत्र एका घोटाळ्यापायी लिहितोय. माझं डोकं चालंना.

नाशकात माझे बाहुल्यांचे खेळ चालूच आहेत. ऑलिंपिक लागलं तेव्हा गंगापूर रोडच्या एका शाळेतल्या ज्योत्स्नाबाई म्हणाल्या, "नाथाभाऊ, तुमचा राजा-राणीचा खेळ पोरांना पाठ झालाय. तिकडं चीननं स्पर्धेसाठी पाच बाहुल्या काढल्यात, तुम्ही एक तरी धावणारी काढा." काढली. दोन वेण्या, निळं बनियन, छातीवर २१७. मनात आला तो नंबर घातला. आय म्हणाली, "मनात आला व्हय? हा तर तिच्याच बनियनवरचा नंबर. ही आपली उज्वला हाय." मी म्हटलं, गप, बाहुली हाय.

खेळात बाकीच्या बाहुल्यांना मागं टाकून ती पहिली येणार होती, तसंच बसवलं होतं. पण शेवटच्या फेरीत गुडघ्याची दोरी तुटली अन् बाहुली आडवी! पोरं खो-खो हसली. पडद्यामागं मला तुझा फोन आठवला.

खोटं कशाला लिहू? तू कामामुळं येत नाहीस असं नाय. परदेशातल्या त्या शर्यतीत तू पडलीस, उठलीस, शेवटची आलीस आणि रडत फोन केलास. मी काय बोललो? "गावाचं नाक कापलंस, आता हे तोंड घेऊन घरी येऊ नको." आणि फोन ठेवून दिला. आयला सांगितलं, लाइन कटली.

तर शाळेत एक बारकी पोरगी ओरडली, "ऊठ गं!" मग सगळीच, "ऊठ, ऊठ!" आपल्या बोहाड्याच्या जत्रेत जड मुखवट्याचं देवाचं सोंग नाचतं, तेव्हा मागून कमरेला धरणारा असतोच. सोंग डगमगलं तर गाव शिव्या घालतं धरणाऱ्याला, सोंगाला नाय. मी जन्मभर सोंगं धरली की गं! बाहुलीवाल्यानं पडद्याबाहेर यायचं नसतं, तरी आलो. तिला कमरेला धरून लंगडत लंगडत रेघेपार नेलं. शेवटून पहिली! आणि पोरी, टाळ्या अशा, की जिंकलेल्या बाहुलीकडं कुणी बघंना. हे कसं काय? हरलेल्याला टाळ्या? मग मी त्या दिवशी काय करून बसलो?

आता बाईंना हाच खेळ आणखी चार शाळांत हवाय. पडायलाच पाहिजे म्हणतात. मी हो म्हटलं, एसटीत बसल्यावर नाय म्हटलं, घरी येईतो पुन्हा हो. रोज तुला पाडू? का दोरी पक्की बांधून रोज जिंकवू? दोन्हीची लाज वाटते. दहा तारखेला पुढचा खेळ आहे. तू बघायला ये, नाय तर बाहुलीच पेटीत टाक म्हणून कळव. तुझ्या शब्दाबाहेर जाणार नाय.

आयला आज सगळं खरं सांगितलं. जेवली नाही, माझ्याशी बोलत नाही. तुझी गोधडी मात्र धुऊन चुलीवरच्या दोरीला वाळत घातलीय.

पोरी, त्या दिवशी धरायची पाळी माझी होती.

धरायचं सोडून बसलेला,
तुझा बा
नाथा