चार, पाच आणि सहा नंबरचे तुकडे

प्रिय भिंगवाले,

पुन्हा पत्र पाठवलंस तर न उघडता परत करीन, असं तू बजावलं होतंस. म्हणून पाकिटावरचा पत्ता आमच्या मिस्त्रींच्या अक्षरात आहे. आता उघडलंच आहेस तर पूर्ण वाच, शिव्या शेवटी एकदम दे.

कॉलेज सोडलं ते सोडलंच. तू प्रयोगशाळेतल्या नोकरीवर निघून गेलीस. तुझी रिकामी जागा बघत बसायला फी कशाला भरायची? आई अजून नातेवाइकांना मी सुट्टीवर आहे असं सांगते. पण मिस्त्रींच्या सुतारखान्यात मी रमलोय. रंधा मारताना डोकं थंड राहतं. दीड वर्षात फक्त दोनदा भांडलो, त्यातलं एक भांडण तर फळीशी.

आता कबुली देतो. चार महिन्यांपूर्वी आमच्याकडून लाकडाचे सहा तुकडे वय काढायला तुमच्या प्रयोगशाळेत आले. त्यांवर नुसते नंबर होते. कुठले ते लिहायचं मी मुद्दाम टाळलं. चार, पाच आणि सहा हे तुमच्या प्रार्थनाघरातल्या खांबाचे होते. तुझे बाबा ज्याला हात लावल्याशिवाय सकाळची प्रार्थना सुरू करत नाहीत, तोच खांब. सातशे वर्षांपूर्वी पहिल्या गुरूंनी तो एकट्याने खांद्यावरून आणला, असं दारावरची पाटी सांगते. तू भिंगाखाली वलयं मोजून, जुन्या लाकडांच्या नोंदींशी ताडून, झाड तोडल्याला किती वर्षं झाली ते लिहिलंस: एकशे ऐंशी, दोनशे साठ, तीनशे चाळीस. तुला वाटलं असेल ही तीन झाडं तीन घरांतली. पण तो एकच खांब आहे गं. बुडाशी कुजला म्हणून आम्ही उतरवला, वरचा तेलकट थर खरवडला, तर आत दोन सांधे. इतके बेमालूम, की मिस्त्रींनी टोपी काढली.

याच पाटीवरून तुझं आणि बाबांचं बिनसलं होतं. तू म्हणालीस, एक तुकडा तपासू द्या. ते म्हणाले, देवाची परीक्षा घेऊ नये. तिथवर बापलेकीचं नेहमीचंच होतं, जेवायच्या वेळेपर्यंत मिटलं असतं. मध्ये मी तोंड घातलं. तुमची प्रार्थना थापेवर उभी आहे, असं त्यांना चारचौघांत सुनावलं. मला सगळे काडेपेटी म्हणतात ते उगीच नाही. बापाचा अपमान केला म्हणून तू माझ्यावर भडकलीस, आणि मला तूच पढवलंस असं वाटून ते तुझ्यावर. दोन वर्षं झाली, तुम्ही दोघं बोलला नाहीत. ते माझ्यामुळे.

या खेपेला तुकडे तपासायची परवानगी मिस्त्रींनी बाबांकडून काढली. खांब नीट जोडायचा तर लाकडाचं वय कळायला हवं, एवढंच ते म्हणाले. अहवाल घेऊन मी गेलो तेव्हा, खरं सांगतो, जिंकल्याचा थोडा माज होता. बाबांनी आधी खालची तुझी सही पाहिली. मग चष्मा पुसला. मग तीनदा वाचलं. मी वाट बघत होतो की आता चिडतील. ते उठले आणि सांध्यांवरून बोट फिरवत म्हणाले, दोनदा कुणीतरी हा मोडू दिला नाही; आम्ही एका खांद्याची गोष्ट सांगत बसलो आणि या हातांना विसरलो. मी विचारलं, मग काका, श्रद्धेचं काय? तर म्हणाले, अरे, मी खांबाला हात लावतो, खांबाकडे काही मागत नाही. आणि पोरीने वर्षं मोजली आहेत, ती खोटं कशाला सांगेल? मिस्त्री तेवढ्यात पुटपुटले, म्हातारा असो की तरुण, छप्पर धरतोय ना. देवाचं मी अजून काही ठरवलेलं नाही. पण तिसरा सांधा मी घातलाय, माझ्या हाताने, आणि तो बसला तेव्हा मीही खांबाला हात लावला. कुणी सांगितलं नव्हतं.

आता हे का लिहितोय ते. येत्या रविवारी बाबा जुनी पाटी काढून सगळ्यांसमोर तुझा अहवाल वाचणार आहेत. ज्येष्ठ मंडळींनी निरोप धाडलाय, वाचलात तर प्रार्थना सांगायला दुसरा माणूस बघू. बाबा हटत नाहीत. तुझा हट्ट कुठून आला ते आता कळलं. पण वलयांबद्दल कुणी खोदून विचारलं तर त्यांची दांडी गुल होणार. परवा मला समजावताना त्यांनी झाडाला वर्षाला दोन-दोन वलयं देऊन टाकली. तिला कळवू का, असं विचारलं, तर म्हणाले, तिला तिची कामं असतील. आणि संध्याकाळी गेलो तर तुझ्या खोलीतल्या खिडकीची कडी दुरुस्त करत बसले होते. तू ये. त्यांच्या शेजारी उभी राहा, आकडे तू सांग. मी मागे दाराशी असेन, तोंड बंद ठेवून. माझ्यासाठी आलीस असं मी समजणार नाही. समजलो तरी बोलणार नाही.

तुझी हरकत ठाऊक असूनही तुझाच,
काडेपेटी