आईच्या फोटोवरचे पॉलिश

लोकेशभाऊ,

मी सकाळच्या बसने वरोऱ्याला परत जात आहे. उद्या आईच्या स्मरणार्थ ठेवलेल्या पुण्यानुमोदनाला थांबणार नाही. घराची किल्ली शेजारच्या रुखमाकाकूंकडे ठेवली आहे.

काल तू आईच्या नव्या फोटोवर तुझ्या फर्निचरच्या दुकानातले लाकडाचे पॉलिश ब्रशने फिरवलेस. मी अडवले, तर म्हणालास, "सागवानाले चमक येते, तं कागदाले काऊन नाई येनार? तुयी केमिस्ट्री कॉलेजात ठेव." इंकजेट प्रिंटरची शाई तेव्हा ओली होती. पॉलिशमधल्या स्पिरिटने ती सुटली आणि तुझ्या ब्रशने आईचा चेहरा कानापर्यंत ओढला. असा फोटो दिवसभर वाळू द्यायचा असतो. मग ब्रश न लावता दुरून स्प्रेचे पातळ थर द्यायचे असतात. तुला याचा आता उपयोग नाही, तरी माहीत असावे.

मूळ फोटो माझ्या मोबाइलमध्ये आहे आणि तुझ्याकडे आईचा दुसरा फोटो नाही. काल तू तो मागताना रडलास. मी तो पाठवणार नाही.

तो दवाखान्यात काढलेला आहे. आई दाराकडे पाहून मला विचारत होती, "लोकेश येऊन राह्यला का वो?" मी रोज हो म्हणत होते.

उद्या हाच पुसलेला फोटो मांड. पाहुण्यांनी विचारले, तर आई शेवटी अशीच दिसायची, असे सांग. शेवटच्या दिवसांत तू तिला पाहिलेलेच नाहीस, त्यामुळे ते खोटे असल्याचा कोणताही पुरावा तुझ्याकडे नाही.

दिव्या