एका पत्रापायी

१४ जानेवारी
बडतर्फ! तुरुंग खात्यात सोळा वर्षं काढली, आणि पत्र आलं दीड ओळीचं. आडनावसुद्धा चुकलेलं — ऑसगूडचं 'ऑसवूड'. कारण? मी खोटा अहवाल दिला.

दिला होता. सार्जंट ड्युगनने टोलिव्हर नावाच्या कैद्याचा हात पिरगाळून मोडला, माझ्या डोळ्यांसमोर. आम्ही चौघांनी लिहून दिलं — 'जिन्यावरून पडला'. पाचव्या दिवशी वॉर्डनकडे जाऊन खरं सांगितलं. माझ्या साक्षीवर ड्युगनची नोकरी गेली. आणि पहिल्या खोट्यापायी माझीही! बाकीचे तिघे अजून जिन्यालाच चिकटून आहेत — ते कामावर. वा रे न्याय!

१५ जानेवारी
दारातला बर्फ उपसला. वेंडेल म्हणतो, "अगं, कोर्टात जा की." नवऱ्याला बोलायला काय जातं!

३ फेब्रुवारी
युनियनने वकील दिलीय, पेट्राकिसबाई. फाईल चाळत म्हणाल्या, "तुम्ही खरं बोललात की खोटं, ते कोर्ट बघणारच नाही."
"मग काय बघणार?"
"कागद."

आणि बाईंनी कागद शोधला — म्हणजे नसलेला कागद! चौकशी अधिकारी म्हणून आणलेला तो रिटायर्ड म्हातारा — सकाळी त्याने ड्युगनची चौकशी केली, दुपारी माझी. मी बोलत होते तेव्हा तोंडात पेपरमिंट घोळवत होता. त्याच्या नेमणुकीचं पत्रच नाही! खात्याच्या बड्या साहेबांनी त्याला नुसतं फोनवर सांगितलं, "तू करून टाक." कायद्याला लेखी पत्र लागतं. आम्हाला चावी घ्यायलाही सही लागते, आणि साहेबांना नोकऱ्या खायला फोन पुरतो.

१९ मार्च
दुकानात ड्युगनची बायको. पाठ फिरवली. मागून कुणीतरी — "चहाडखोर!" अर्ध्या गावाची चूल तुरुंगावर पेटते, सगळ्यांना सगळं माहीत. तोंडावर बोलायची मात्र छाती नाही.

८ मे
अपील कोर्ट. पाच न्यायाधीश, अकरा मिनिटं. खात्याचा वकील — "पत्र नसलं तरी नेमणुकीचा हेतू स्पष्ट होता." मधल्या न्यायाधीशबाई — "हेतू फाईलला लावता येतो का हो?" पाचही हसले. टोलिव्हरचं नाव एकदाही निघालं नाही.

१२ जून
जिंकले!! चौकशी रद्द, बडतर्फी रद्द. नऊ पानं, सगळी त्या पत्रावर. मी खरं बोलले, यावर एक ओळ नाही. नसू दे. वेंडेलने केक आणला.

२३ जून
रुजू झाले. तिघांपैकी एकानेही मान वर केली नाही. टोलिव्हर जाळीपलीकडून म्हणाला, "मॅडम, बरं झालं. एक तरी माणूस परत आलं." दिवसभर ते शब्द मिरवत फिरले.

१६ सप्टेंबर
ड्युगननेही अपील केलं होतं, त्याचा निकाल लागला. फक्त दोन परिच्छेद. तोच म्हातारा, तेच नसलेलं पत्र — 'ऑसगूड प्रकरणातील निर्णयानुसार बडतर्फी रद्द.' फेरचौकशी करायची खात्याची इच्छा नाही, म्हणे प्रकरण जुनं झालं. तो सोमवारी रुजू होतोय. आमच्याच बराकीवर.

टोलिव्हरला दुसऱ्या कुणाकडून कळायला नको, म्हणून मीच सांगितलं. त्याने एवढंच विचारलं,
"मॅडम, सोमवारी तुमची पाळी किती वाजता संपते?"